फेअरफील्डच्या पलीकडची पट्टी

मित्रांनो, मला नीट घडी घालून ठेवा असं मी कुणाला सांगत नाही, कारण घडीत माझा जीव रमतच नाही. मी एक जुना नकाशा आहे, कापडावर डकवलेला, इंग्लंडातल्या कंब्रियाच्या डोंगरांचा. माझ्यावर बारीक तपकिरी रेषा आहेत. त्या जिथं दाटीवाटीनं येतात तिथं चढ उभा, एवढं कळलं की तुम्हाला मी वाचता आलो. बाकी स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. खणात टाकलं की माझे कोपरे आपोआप वर येतात.

विल्फ टायसननं मला केस्विकच्या दुकानातून आणलं तेव्हा मी नवाकोरा होतो. विल्फ मेंढ्या पाळायचा आणि उरलेल्या वेळात डोंगरांवरून धावायचा. पुढं त्याचा गुडघा गेला. धाकटी बहीण जॉयस त्याच घरात राहायची, शाळेच्या मुदपाकखान्यात काम करायची आणि तीही धावायची. भावाचं धावणं थांबलं, पण त्याचं डोकं काही थांबलं नाही. उठसूट मला टेबलावर पसरायचा आणि नसलेल्या शर्यती आखत बसायचा.

आमच्याकडच्या धावणाऱ्यांचं एक खूळ आहे. पन्नाशी गाठली की चोवीस तासांत पन्नास माथे पायाखाली घालायचे. जितकं वय तितके माथे. त्या वर्षी हुकलं तर पुढच्या वर्षी एक्कावन्न. म्हणजे इकडे ताकद उतरते आणि तिकडे डोंगर वाढत जातात. विल्फचे पन्नास गुडघ्यापायी राहून गेले होते. त्या जुलैत जॉयस पन्नाशीची होणार होती, आणि दोघांच्या वाटणीचं हे एकदाच करून टाकायचं असं त्यांनी ठरवलं.

तो वसंत मी विसरणार नाही. विल्फ चिखलाच्या बुटांसकट आत यायचा, माझ्या एका कोपऱ्यावर चहाची किटली ठेवायचा आणि ओला दोरा माझ्यावर वळवून अंतर मोजायचा. कुठला माथा आधी, कुठल्या खिंडीतून उतरायचं, जुलैत कुठं नेचे कमरेएवढे माजतात, हे सगळं तो पेन्सिलीनं मांडायचा. रविवारी जॉयस ती वाट खरोखर धावून यायची आणि खोडरबर मागायची. विल्फ सरळ रेषेत चढवायचा, ती मेंढ्यांच्या आडव्या पायवाटेनं जायची.

"तू पेन्सिलीनं चढतोस विल्फ, मी पायांनी चढते," ती एकदा म्हणाली. विल्फ आठवडाभर फुगून बसला, पण रेषा त्यानं बदलली. खोडून खोडून मी काही ठिकाणी विरलो, पण खरं सांगू, इतका आनंद मला कधी झाला नाही.

आता विल्फच्या हातून जे झालं ते सांगतो. या धावणाऱ्यांना वजनाचं भारी वेड. चपटा बिस्किटाचा पुडाही ते उलटसुलट करून तोलतात. मी कापडाचा, भिजलो की जड होणारा. विल्फला आपल्या आखणीचा एवढा अभिमान, की शेवटच्या आठवड्यात त्यानं बेकन कापायची कात्री घेतली आणि फेअरफील्डच्या माथ्यापासून बोटभर पलीकडे मला उभं कापलं. जॉयसनं विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, "जिथं तू जाणारच नाहीस तो कागद कशाला वाहायचा?" तिला ते पटलं. मला कुणी विचारलं नाही.

ठरल्या दिवशी पहाटे चारला जॉयस घराच्या दारातून निघाली. बरोबर कुणीतरी लागतंच, प्रत्येक माथ्यावरची वेळ लिहायला आणि खरंखोटं सांगायला. डनमेलच्या रस्त्यापर्यंतच्या टप्प्यात पोस्टमन एडगर होता. हेल्वेलिन डोंगराचा सगळा कणा त्यांनी भराभर संपवला. वेळ हातात होता. मग खिंडीतल्या तळ्याच्या बाजूनं फेअरफील्ड चढले, एकविसावा माथा, आणि वर धुकं उतरलं.

फेअरफील्डचा माथा सपाट आहे. त्यावर दगडांच्या राशीच राशी, आणि धुक्यात प्रत्येक रास खुणेचीच वाटते. आल्या वाटेनं तळ्याकडे परतायचं होतं. दोघं एका राशीवरून दुसरीकडे गेले, उतार लागला म्हणून खूश झाले आणि धावत सुटले. उतार वाढत गेला, पण चढताना लागलेली तळ्याकडची पडकी भिंत काही येईना.

जॉयसनं मला बाहेर काढलं, होकायंत्र ठेवलं, चाललेल्या दिशेनं बोट फिरवलं. बोट माझ्यावरून घसरलं आणि तिच्या मांडीवर गेलं. कडेपाशी माझ्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. पुढं काय ते माझ्या अंगावर राहिलंच नव्हतं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

एडगर म्हणाला, पन्नास पावलं आणखी उतरू, खाली ओढा लागेल, मग कळेल. जॉयसनं एक दगड उचलून पुढं फेकला. तो पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

"कागद संपलाय," ती म्हणाली. "आपण परत वर जायचं. कागदावर येईपर्यंत."

वर चढून खरी वाट सापडायला पन्नास मिनिटं गेली.

खाली डनमेलच्या रस्त्यावर विल्फ सूपचा थर्मास घेऊन थांबला होता. पण तो बसलेला नव्हता. धुकं उतरलेलं पाहून त्या दुखऱ्या गुडघ्यानं रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता, आणि माझी कापलेली पट्टी त्याच्या मुठीत होती. त्यानं विचारलं, "कुठं उतरलात?"

"तुझ्या हातात आहे ना, तिथं," जॉयस म्हणाली.

विल्फनं पट्टीकडे पाहिलं. तिथल्या काळ्या कड्यांच्या खुणा त्याला मुठीत धरूनच पाठ झाल्या असणार. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. म्हणाला, चूक माझी, आता पुरे, घरी चल. जॉयसनं सूप संपवलं, एकोणतीस राहिलेत म्हणाली आणि समोरचा चढ चढायला लागली.

तिनं पन्नास माथे पुरे केले. चोवीस तास आणि बावीस मिनिटं लागली. दाराशी विल्फच घड्याळ धरून होता. बावीस मिनिटं गिळून टाकायला कुणी त्याला अडवलं नसतं. त्यानं वहीत बावीसच लिहिली.

मग मला खणात टाकलं. अख्खा हिवाळा कुणी हात लावला नाही. दोघं माझ्याविषयी बोलत नसत, आणि मी तिथं चुळबुळत पडलो होतो. मार्चमध्ये विल्फनं मला काढलं, पिठाची खळ केली आणि ती पट्टी मागून कापड लावून मला परत चिकटवली. जोड वाकडा आहे. घडी बसत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे जुना नकाशा असेल तर भिजल्यावर तो सावलीत वाळवा, घड्यांवर कापड लावा, आणि आपण इकडे जाणार नाही अशा खात्रीनं त्याचा एक कोपराही कापू नका.

काल विल्फनं एक्कावन्नावा माथा निवडला. पेन्सिल जोडावरून पलीकडे नेली आणि पट्टीवरच्या सेंट संडे कड्याभोवती गोल काढला. जॉयसनं फेअरफील्डपासून त्या गोलापर्यंत बोट फिरवलं.

"फेअरफील्डवर चुकायच्या जागी मी उभा राहीन," विल्फ म्हणाला. "या गुडघ्याला वेळ लागेल, आदल्या दिवशीच चढायला लागतो."