बिनकुटाच्या चंद्रकोरी

कोबी पिळायला म्हातारीला कुणाची मदत लागत नसे. मीठ लावून ठेवलेल्या किसाला पाणी सुटलं की ती तो फडक्यात बांधायची आणि असा पीळ द्यायची की शेवटच्या थेंबालाही आत राहायची हिंमत होऊ नये. पाणी राहिलं तर सारण भरलेली पुरचुंडी वाफेवर फुटते. तीस वर्षं कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवलेले हात होते ते. अलीकडे डोकं दगा देत होतं, हात नाही.

डोक्याचं तिलाही ठाऊक होतं. महिन्याभरात दोनदा दूध करपलं. एकदा तर नात बालवाडीच्या दारात अर्धा तास वाट बघत उभी राहिली, आणि ही घरी निवांत मटार सोलत बसलेली. सुनेनं आवाज चढवला नाही. औषधांच्या दुकानात दिवसभर आजारी माणसांशी बोलून तिचा आवाजच मऊ आणि मोजका झाला होता. पुन्हा असं काही झालं तर पिटुकलीला पाळणाघरात घालावं लागेल, एवढंच ती म्हणाली. मुलगा मान खाली घालून जेवत राहिला, म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालेलं होतं.

पाळणाघर म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मग आठ ते सहा या घरात आपण काय करायचं, फरशा मोजायच्या? हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नव्हता, पण तेव्हापासून तो तिच्या उशाशीच बसला होता.

सुट्टीच्या दुपारी घरात भाजीच्या पुरचुंड्या व्हायच्या. मोठ्यांच्या सारणात कोबी, गाजर, कांद्याची पात आणि मूठभर दाण्याचं कूट. पिटुकलीच्या सारणात तेच सगळं, फक्त कूट नाही. गेल्या वर्षी कुणीतरी दिलेली शेंगदाण्याची वडी तिनं नुसती चाटली, तर ओठ सुजले, श्वासाला शिट्टी लागली आणि तिला उचलून दवाखाना गाठावा लागला. तेव्हापासून सून म्हणत होती, घरात दाणेच नकोत. म्हातारीनं ते हसण्यावारी नेलं. कुटाशिवाय कोबी म्हणजे ओलं गवत, आम्ही काय गुरं आहोत का, म्हणाली. आणि तिनं युक्ती काढली. कुटाच्या पुरचुंड्या चुण्या घालून गोल मिटायच्या, बिनकुटाच्या मधोमध दुमडून चंद्रकोरीसारख्या. डोळे बांधलेल्या माणसालाही ओळखू येतील, असं तिनं सुनेला बजावलं होतं, आणि वर्षभर एकदाही चूक झाली नव्हती.

त्या दुपारी चंद्रकोरी करायला घेतल्या आणि पिटुकली सुटलेली वेणी घेऊन आली. म्हातारीनं हात धुतले, रिबीन घट्ट बांधली, आता फार हलवू नकोस, शेपूट समजून मांजर मागे लागेल, असं सांगून तिला पिटाळलं. परत येऊन बसली ती पोळपाटाच्या दुसऱ्या बाजूला. सारणाचे दोन्ही वाडगे एकाच संचातले, बिनकुटाचा नेहमी उजव्या हाताला. पारी लाटायची, सारण ठेवायचं, मिटायचं. हात आपले आपण चालले. सून अधूनमधून येऊन झालेल्या नेऊन वाफेला लावत होती.

शेवटच्या चंद्रकोरीची कडा दाबताना अंगठ्याच्या नखाखाली काहीतरी खरखरलं. तिनं नख जिभेला लावलं. कूट.

कधीपासून उजवीकडच्या वाडग्यातून घेतोय आपण? एक भरली, की चार? तिनं आठवून पाहिलं. आठवायला काही नव्हतंच. भांड्यातून वाफ येत होती आणि बाहेर सून ताटं मांडत होती. सांगायला दोन शब्द पुरले असते. त्या दोन शब्दांपुढे आठ ते सहा उभे होते.

म्हातारी उठली. गॅस बंद केला, फडक्यानं भांडं उचललं, दोन पावलं चालली आणि हात सैल सोडले.

आवाजाला सगळे धावले. हात निसटला, ती म्हणाली. सुनेनं आधी तिचे पाय बघितले, भाजलं नाही ना विचारलं, स्टुलावर बसवलं. मुलगा हसत म्हणाला की फरशीलाही भूक लागली होती वाटतं. त्यानं भांड्यातली उपडी पडलेली चाळण उचलली. तळाला तीन चंद्रकोरी चिकटून राहिल्या होत्या, जमिनीला न लागलेल्या. त्यातली एक त्यानं सोडवली, फुंकर घातली आणि पिटुकलीपुढे धरली. तिनं आ केला.

"देऊ नकोस तिला!"

मुलाचा हात थांबला. "अगं, स्वच्छ आहे ती."

"कूट असेल त्यात. माझे वाडगे बदलले." म्हातारीला पुढचंही थांबवता आलं नाही. "भांडं मी मुद्दाम पाडलं."

सुनेनं पिटुकलीला उचललं, तिचे हात-तोंड धुतले, बाहेर नेऊन बसवलं. परत आली ती थेट फरशीवर बसली आणि सांडलेली एकेक चंद्रकोर बोटांनी उघडून बघू लागली. पहिल्या तीन-चारांत काही नव्हतं. मग एकीत कूट निघालं. पुढे आणखी एकीत. शेवटी तिनं मुलाच्या हातातली घेतली. आत नुसता कोबी आणि गाजर.

मुलानं केवढा तरी सुस्कारा सोडला. झालं तर मग, काही नव्हतंच हिच्यात, उगाच घाबरलो, असं काहीबाही बोलू लागला. सून त्याच्याकडे बघत नव्हती.

"आई, यानं ती उचललीच नसती, तर तुम्ही मला सांगितलं असतं?"

हो म्हणणं सोपं होतं. मुलानं तर तिच्या वतीनं तोंड उघडलंही होतं. म्हातारीनं त्याला हातानं गप्प केलं.

"नसतं सांगितलं," ती म्हणाली.

सुनेनं मान हलवली, जणू तिला हेच ऐकायचं होतं आणि हेच ऐकायचं नव्हतं. ती बादली घेऊन आली आणि फरशी पुसायला लागली. मुलगा बाहेर पिटुकलीपाशी गेला.

"सोमवारपासून घाल तिला पाळणाघरात," म्हातारी म्हणाली.

सुनेनं फडकं बादलीत बुडवलं, आणि गॅसखालचा कोपरा पुसायला घेतला.