नकाशावरचे बाबा

आपण वडिलांची किती काळजी घेतो, याचा मानसला भारी अभिमान होता. गुरुग्राममधून पहाडगंजला सारखं जाणं कसं जमत नाही, हे तो कुणालाही पटवून देई. पण मागच्या दिवाळीत त्याने अविनाशरावांच्या फोनचं लोकेशन आपल्या फोनवर दिसेल अशी सोय केली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मीटिंग रटाळ झाली की तो नकाशा उघडायचा. त्यात वडिलांचा छोटा गोल फोटो दिल्लीत हिंडताना दिसायचा.

होळीनंतर तर बाबांच्या पायाला भिंगरीच लागली. रोज सकाळी पहाडगंजातून निघायचं, दिवसभर सरोजिनी नगरच्या बाजारात राहायचं आणि रात्री परत यायचं. सोमवारी मात्र सुट्टी. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मानसचं बालपण गेलेलं. आई गेल्यावर बाबा जुन्या आठवणींत रमायला तिकडे जात असणार, असं त्याने ठरवून टाकलं. एकदा तर त्याचे डोळे भरून आले, तेही बजेटच्या चर्चेत. चौऱ्याहत्तरीतल्या बापाचा हा उत्साह त्याने ऑफिसात सगळ्यांना ऐकवला. दर रविवारी तो फोन करून बाबांना शाबासकीही द्यायचा. बाबा नुसतं 'हो हो' म्हणायचे. म्हातारा लाजतो, असं मानसला वाटायचं.

जूनमध्ये एका बुधवारी फोटो हिंदूराव हॉस्पिटलात जाऊन थांबला. गुरुवारी दुपारीही तिथून हलला नव्हता. मानसने फोन लावला, पुन्हा लावला, कुणी उचलेना.  गाडी काढून तो धावला आणि एकेका वॉर्डात वडिलांचं नाव विचारत फिरला. ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. शेवटी हरवलेला फोन शोधण्यासाठी जी घंटा वाजवता येते, ती त्याने वाजवली. प्रसूतिविभागाबाहेरच्या बाकावर आवाज आला.

बाकावर एक तरुण बसला होता. मानस अंगावर धावून आलेला पाहून तो उभाच राहिला.

"साहब, चोरी का नहीं है. गली की दुकान से लिया है, होली के बाद," तो म्हणाला. सरोजिनीत तो मोजे विकायचा, राहायला पहाडगंजातच होता आणि बायकोला आदल्या दिवशी इथे आणलं होतं.

तेव्हा कुठे मानसला आठवलं. जुन्या फोनवरची अक्षरं दिसत नाहीत म्हणून तो दुकानात देऊन दुसरा जुनाच, पण मोठ्या स्क्रीनचा घेतला, असं बाबा एकदा सांगत होते. तेव्हा दुसऱ्या कानाला लावलेल्या फोनवर तो क्लायंटशी बोलत होता आणि बाबांना त्याने 'अच्छा, बढिया' म्हटलं होतं. बाबांनी सिम तेवढं काढून घेतलं, लोकेशनचं खातं त्या जुन्या फोनमध्ये तसंच राहिलं. म्हणजे इतके दिवस तो एका मोजेवाल्याचं कौतुक करत होता. त्याला हसूच फुटलं. बाबा सुखरूप होते, आणखी काय हवं? वाटेत त्याने पेढे घेतले.

पहाडगंजला दार शेजारच्या उत्तराकाकूंनी उघडलं. हातात जेवणाचं ताट होतं. मानसकडे पाहून त्या बाजूला झाल्या. आत अविनाशराव पलंगावर पडले होते, उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. फोन पलीकडच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. तो वाजताना ऐकू येत होता, पण उठून घेणार कोण?

जिन्यात पडून महिना होत आला होता.  मानसने नकाशा, मोजेवाला, हॉस्पिटल, सगळं भराभरा सांगून टाकलं. अविनाशरावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"पण बाबा, मला कळवलं का नाहीत?"

"मला वाटलं, उत्तराने तुला सांगितलंय," ते म्हणाले. "पडल्यावरही तू दर रविवारी म्हणायचास, बाबा, या आठवड्यात खूप फिरलात. मी समजलो, याला यायला जमत नाही, म्हणून थट्टेवारी नेतोय. म्हटलं, असू दे."

मानसच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. अविनाशरावांनीच तो काढून घेतला.

"त्या पोराला काय झालं? मुलगा की मुलगी?"

मानसने ते विचारलंच नव्हतं.