लाल रेघेच्या खाली

माझं तोंड वाईट, हे मोखाड्यापासून सूर्यमाळपर्यंत कोणीही सांगेल. बारा वर्षं नर्स म्हणून पाडे तुडवले आणि ओरडून ओरडून एकच गोष्ट बायांच्या डोक्यात भरली. पोराला ताप आला की भगताकडे धावायचं नाही, आधी तापाची गोळी द्यायची, मग मला बोलवायचं. आधी गोळी, मग बाकीचं. पोरंटोरंसुद्धा माझी नक्कल करून हे म्हणायची आणि मला त्याचं भारी कौतुक वाटायचं.

गेल्या वर्षी मला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला मुंबईला पाठवलं. रक्ताचे आजार आणि कॅन्सरचे पेशंट कसे सांभाळायचे, ते शिकायला. मी पन्नाशीला टेकलेली आणि बाकावर शेजारी पंचविशीतल्या पोरी. पण हट्टाने शिकले, कारण सूर्यमाळजवळच्या पाड्यावर सात वर्षांची रविना होती. रक्ताचा कॅन्सर. मुंबईला तिची केमो चालू होती आणि पोरगी वाचेल असं डॉक्टर म्हणाले होते. भीती एकाच गोष्टीची होती. केमोने अंगातली लढायची ताकद गेलेली असते, तेव्हा आलेला ताप साधा नसतो, तासाभरात शिरेतून औषध गेलंच पाहिजे. शिकवणाऱ्या मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं. ताप मोजायच्या आधी गोळी देऊ नका, गोळीने ताप लपतो. तेही मी वहीत उतरवून घेतलं.

परत आले ती थेट रविनाच्या घरी गेले. तिची आई पोशी. आकडे वाचता येत नाहीत, पण बाई हुशार. तिला काचेचा थर्मामीटर दिला आणि त्यावर शंभराच्या जरा पुढे नेलपॉलिशची लाल रेघ ओढून दिली. पारा रेघेच्या वर गेला की हातातलं काम टाकायचं आणि पोरीला घेऊन दवाखाना गाठायचा. पाणी उकळायचं, शिळं द्यायचं नाही, बाजारात न्यायचं नाही. सगळं तिच्याकडून तीनतीनदा वदवून घेतलं. आईची शाळा भरली म्हणून रविना टक्कल खाजवत हसत होती.

दोन महिने बरे गेले. मग एका दुपारी तिचा बाप बारक्या तिला मोटारसायकलवर आमच्या दवाखान्यात घेऊन आला, मागे पोशीने तिला आवळून धरलेलं. हातपाय गार, ओठ निळसर, नाडी बोटाला लागेना. तीन दिवस अंगात कणकण होती म्हणे! मी सलाईन लावत होते, औषध सोडत होते आणि सगळ्या वॉर्डासमोर पोशीला फाडून खात होते. झोपा काढत होतीस का, एवढा घसा फोडला तो कुणासाठी, असं काय काय बोलले. ते आठवलं की आजही लाज वाटते.

पोशीने पिशवीतून थर्मामीटर काढून माझ्यापुढे धरला.

"रेघेच्या वर एकदा पण नाय गेला, शिस्टर. अंग तापला का आधी गोली दिली, मंग ह्यो लावला. तू सांगलास तसाच केला."

वहीतली ती ओळ डोळ्यांपुढे आली. पोशीला मी सगळं सांगितलं होतं, नेमकं तेवढं सोडून. बारा वर्षं मीच पढवलेलं मोडायचं होतं आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

नाशिकला न्यायला गाडी काढली. रविना घाटातच गेली.

दिवसकार्य उरकल्यावर पोशी आली. थर्मामीटर स्वच्छ पुसून फडक्यात गुंडाळून आणला होता, दुसऱ्या कुणाच्या पोराला लागेल म्हणून. स्टूल दिलं तरी खालीच बसली. आपलं कुठे चुकलं ते सांग, पण रागवू नको, म्हणाली.

मी सांगितलं. गोळीने ताप लपला, म्हणून पारा रेघेच्या खाली राहिला. गोळी देऊ नकोस हे मी सांगायला हवं होतं, मी विसरले. चूक तुझी नाही, पोशी, माझी आहे. एवढं बोलले आणि मला रडू आवरेना.

ती उठली. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तू कशी चुकशील, बाय?" ती म्हणाली. "तू तर शिकून आलीस."