निळ्या खडूचा ठिपका

टेबल टेनिसमधला माझा पहिला जोडीदार म्हणजे आमच्या दुकानाची भिंत. बाबा शिंपी आहेत. कापड बेतायचं त्यांचं लांबलचक टेबल भिंतीला टेकवलेलं आहे आणि मी शाळेतून आले की त्याचा डावा अर्धा भाग माझा. उजव्या अर्ध्यावर गिऱ्हाइकांचे कपडे. चेंडू तिकडे गेला की काज करणारी आई मान वर न करता म्हणते, "गेला. आता ऐकून घे."

या नियमामागे इतिहास आहे. एकदा माझा चेंडू बाबांच्या निळ्या खडूच्या भुकटीतून लोळत आला. पुढच्याच फटक्याला त्याने एका पांढऱ्या शर्टावर टप्पा घेतला आणि मागे एक सुबक निळा ठिपका सोडला. खडूची खूण दिसली म्हणजे ती आपणच केली असणार, या विश्वासाने बाबांनी तिथे काज पाडलं. मग रीतसर बटणही लावलं. गिऱ्हाइकाने आरशासमोर हात वर करून विचारलं, "काखेखाली बटण कशासाठी?"

"हवा खेळती राहावी म्हणून," बाबा म्हणाले.

गिऱ्हाईक गेल्यावर मला जे ऐकवलं गेलं, त्यात मात्र हवेला अजिबात जागा नव्हती.

यंदा मी शाळेच्या टीमसाठी नाव दिलं. खेळ शिकवणाऱ्या मॅडम माझा फोरहँड बघून खूश झाल्या, पण थोड्याच वेळात त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"सगळं डावीकडेच मारतेस. उजवीकडे कुणी झोपलंय का?"

मी बटणाची गोष्ट सांगितली. मॅडम इतक्या हसल्या की गळ्यातली शिट्टी आपोआप वाजली. मग त्यांनी पलीकडच्या उजव्या कोपऱ्यात आपल्या चष्म्याचा डबा ठेवला, बादलीभर चेंडू घेतले आणि एकेक माझ्याकडे टाकायला लागल्या.

"हा पाड. नुसतं मनगट फिरवून काय होणार आहे? कमरेतून वळ. आधी पाय, मग हात."

सुरुवातीला डबा सोडून मी सगळ्याला चेंडू मारला, त्यात एकदा शिपाईकाकाही आले. पण रोज शाळा सुटल्यावर तेच आणि तेच. एके दिवशी डबा पडला. पुढच्या आठवड्यात तो माझी बॅट बघूनच पडतोय असं मला वाटायला लागलं. मी दुकानाच्या आरशासमोर एवढे फटके मारून बघितले, की आईला सांगावं लागलं, "तो आरसा गिऱ्हाइकांसाठी आहे, बाईसाहेब."

टीममध्ये शेवटची एक जागा उरली होती. त्या जागेसाठी मी आणि नववीतली एक उंच मुलगी खेळणार होतो. काहीही मारा, तिच्याकडून परत येतंच, म्हणून तिला सगळे भिंत म्हणतात. मी म्हटलं, चला, भिंतींशी तर आपली जुनी ओळख.

पहिला गेम मी घेतला, दुसरा तिने. तिसऱ्यात तिला माझं गुपित कळलं. दडपणात माझी जुनी सवय परत आली होती आणि सगळे चेंडू डावीकडेच जात होते. तो कोपरा भाड्याने घेतल्यासारखी ती तिथे ठाण मांडून उभी राहिली. मॅडमनी बाजूने चष्म्याचा डबा वर करून हलवला. डोक्याला कळत होतं, हाताला सांगणार कोण?

मी बरीच मागे पडले होते, तेवढ्यात बाबा आले. गळ्यात टेप आणि हातावर पोचवायला निघालेला एक नवाकोरा पांढरा कोट. ते तिच्या मागच्या बाकावर, माझ्या बरोब्बर डावीकडे बसले आणि कोट शेजारी नीट पसरून ठेवला.

कोट माझ्या हाताने माझ्याआधी पाहिला. पुढचा चेंडू थेट उजव्या कोपऱ्यात. त्याच्या पुढचाही. भिंत डावीकडे उभी राहून नुसती बघत होती. बघता बघता मी दहा-दहा अशी बरोबरी साधली आणि एक पॉइंट पुढेही गेले. जिंकायला आता एकच हवा होता. पण भिंत काही बावळट नव्हती. ती उजवीकडे सरकली.

मॅडमनी टाइमआउट घेतला. "डावीकडे मोकळं मैदान आहे. मार की."

"मॅडम, तिकडे कोट आहे."

"कोट टेबलावर आहे?"

"नाही."

"मग टेबलावर मार."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते म्हणाले, "मार गं तू. खडू काय, झटकला की जातो."

इतकी वर्षं मला वेगळंच सांगितलं गेलं होतं. पण वाद घालायची ती वेळ नव्हती.

भिंतीने चेंडू उंच परतवला. आधी पाय, मग कंबर, मग हात. चेंडू डाव्या कोपऱ्याच्या अगदी कडेला टप्पा घेऊन निघाला, तिची बॅट पोचेपर्यंत तिला ओलांडून गेला आणि थेट कोटाच्या छातीवर आदळला.

मॅडमनी शिट्टी वाजवली. भिंतीने हात मिळवला आणि "त्या कोटाचं नाव पण टीममध्ये घाल," म्हणाली. मी बाबांकडे धावले. बाबा खिडकीशी जाऊन, कोट उजेडात धरून, एकेक इंच तपासत होते.