दोन हातांचा खांब

मी दोन हातांचा खांब बोलतोय. दोन हजार अकरा साली, हिवाळा सरता सरता, मला या राखीव जंगलाच्या फाटकापाशी उभं केलं. त्याआधी मी वाऱ्यानं पडलेलं झाड होतो. माझे तुकडे सरपणात जाणार होते. वनरक्षकानं लाकूडतोड्यांना अडवलं. "सरळ खोड आहे. जाळायचं नाही," म्हणाला. त्यानं स्वतः तासलं, तेल पाजलं, खड्डा खणून मला रोवलं. हे उपकार मी विसरलो नाही.

माझं काम साधं. झाडीतून गोल वाट जाते. जिथून निघालात तिथंच परत याल. चालणाऱ्यांनी डावीकडून निघायचं, सायकलवाल्यांनी उजवीकडून. म्हणजे दोघं समोरासमोर येतात, एकमेकांना लांबून दिसतात. पाठीमागून कुणी कुणावर आदळत नाही. माझ्या डाव्या हातावर चालणारा माणूस कोरलाय, उजव्या हातावर सायकल. यात न कळण्यासारखं काय आहे?

पण माणसांना खांब बघायचा नसतो, त्याला टेकायचं असतं. कुणी माझ्यावर बुटांचा चिखल खरवडला. कुणी चाकूनं बायकोचं नाव कोरलं, पुढच्या वर्षी येऊन तेच खोडलं. तेही मी सोसलं.

मग गेल्या उन्हाळ्यात सायकलवाल्यांची एक टोळी आली. एकानं फोटोसाठी आपली अख्खी सायकल माझ्या डाव्या हाताला टांगली. हात कडकडला, त्याला धरून ठेवणारी खुंटी तुटली, आणि हात गर्रकन उजवीकडे वळला.

"अरे, मोडलं की काय?"

"राहू दे रे, कोण बघतंय?"

मी बघत होतो! चांगला डोळे फाडून बघत होतो. हसत निघून गेले लेकाचे.

तासाभरानं एक आजीबाई आल्या. हातात काठी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी मात्र मला नीट पाहिलं, माझं ऐकलं, आणि उजवीकडे गेल्या. माझं ऐकलं म्हणूनच उतारावर मागून सायकल आदळली. मनगट मोडलं. मी जन्मात खोटं बोललो नव्हतो. त्या दिवशी त्या टोळीनं माझ्या तोंडून खोटं वदवलं.

आठवड्यानं मोठे साहेब चौकशीला आले. सोबत आजीबाई, हात गळ्यात बांधलेला. आदळलेला सायकलवाला मान खाली घालून उभा.

साहेबांनी मला बोटानं टोकरलं. "कुजका खांब. खुंटी कच्ची. वनरक्षक, हे तुमचं काम ना? उद्यापासून येऊ नका. आणि हे लाकूड उपटून टाका."

कुजका? मी? माझ्या गाभ्यात अजून कुऱ्हाड बोथट होईल! वनरक्षक एवढंच म्हणाला, "साहेब, खुंटी मी ठोकून बसवली होती." साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आजीबाई पुढं आल्या. धड हातानं माझ्या वळलेल्या हाताची वरची कड चाचपली. बोटं काळी झाली. ती बोटं त्यांनी साहेबांच्या नाकासमोर धरली.

"साहेब, झाडाला साखळीचं वंगण कधीपासून यायला लागलं?"

आजीबाई सायकलवाल्याकडे वळल्या. "तू रे? तोंडात बोळा बसलाय का?"

"आजी... आमच्यातल्याच एकानं सायकल टांगली होती. पहिल्या फेरीआधी, फोटोला."

"आणि माझं मनगट मोडल्यावर आठवडाभर गप्प बसलास? लाज नाही वाटली?"

साहेब खाकरले. "ठीक आहे, ठीक आहे," म्हणत वनरक्षकाकडे न बघता गाडीत जाऊन बसले. माफी मागायला त्यांची जीभ वळली नाही. मोठ्या माणसांची वळत नाही.

वनरक्षक दुसऱ्या दिवशी कामावर आला. नवी खुंटी घेऊन आला.

त्यानं मला सरपणातून ओढून काढलं होतं. माझ्या अंगावरच्या डागानं त्याची भाकरी राहिली.

फिटलं.