म्हातारीचा नवा डोळा

ताईला त्या दिवशी सकाळपासून हसू आवरत नव्हतं, आणि हसण्यासारखं तर काहीच घडलं नव्हतं. उलट, दुकानातली म्हातारी संध्याकाळी भंगारात जायची होती. म्हातारी म्हणजे बाबांचा ऑसिलोस्कोप, विजेची लाट एका गोल काचेवर रेघेने काढून दाखवणारी पेटी. बाबांनी दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हापासूनची ही पेटी, वजनाला भरल्या गोणीसारखी. आता तिची दृष्टीच गेली होती. हिरवी रेघ इतकी फिकी झाली होती की ती बघायला डोक्यावरून काळं कापड घ्यावं लागे, आणि गिऱ्हाईक आलं की ताई कापडाखालूनच "बसा हं" म्हणे. निम्मी गिऱ्हाइकं दारातूनच परत जात.

"ताई, मी नवीन डिजिटल आणायला चाललोय," बारक्या म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ. नाव बारक्या, पण दारातून आत यायचं तर त्याला तिरकं व्हावं लागे. "टेबलावर एकच मावतं. येताना ज्या टेम्पोतून नवीन येईल, त्याच टेम्पोतून ही जाईल."

"आणि मी हिला आजच्या आज बरी केली तर?"

"भर उजेडात रेघ दाखवली, तर राहू दे. नाहीतर मग रडारड करायची नाही."

"रडेल माझी चप्पल," ताई म्हणाली, आणि बारक्याची पाठ वळताच टेबलाखालचा खोका ओढू लागली.

खोक्यात एका हॉस्पिटलने मोडीत काढलेलं हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र होतं. गेल्या आठवड्यात ताईने ते भंगारवाल्याच्या गाडीवरून अक्षरशः ओढून काढलं होतं. त्यातली पिक्चर ट्यूब काढून म्हातारीला बसवायची, असा एकूण बेत. काउंटरवर बसणारी भावजय बेतात सामील होती, कारण नवऱ्याची जिरलेली बघायची हौस कुणाला नसते.

"पण बसेल ना हो, ताई?"

"मागच्या पिना मोजल्यात, लांबी सुतळीने मापलीय. सख्ख्या बहिणी आहेत दोघी."

कामाला सुरुवात झाली. पेटी बंद केली तरी आत वीज दबा धरून बसलेली असते, म्हणून ताईने भावजयीला दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायला लावलं आणि तार गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर आत टेकवला. चट्ट असा आवाज झाला. दोघी एकदमच किंचाळल्या, मग एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला.

जुनी ट्यूब निघाली ती दुधीसारखी, लांब मान आणि फुगीर तोंड. नवीन आत घालताना ताई सारखी ओरडत होती, "मानेला नको धरूस, डोक्याला धर."

"माझी पोरंसुद्धा मी इतकी जपून उचलली नव्हती," भावजय पुटपुटली.

खटका दाबला. बराच वेळ काहीच नाही. मग काचेवर रेघ उगवली, पण उतरणीवरून घसरल्यासारखी तिरपी. पुन्हा बंद करून ताईने ट्यूब किंचित फिरवली, पुन्हा चालू केली. आता रेघ सरळ, आणि अशी लख्ख की दारातलं ऊन तिच्यापुढे मिणमिणतं वाटावं. ताईचा आनंद गगनात मावेना. तिने भावजयीचे दोन्ही हात धरून स्टुलाभोवती एक गिरकीच घेतली.

मग तिने हौसेने एक लाट सोडून बघितली, आणि तिथेच माशी शिंकली. लाट बदलली तरी आधीची लाट काचेवरून जाईना. दुसरी तिच्यावर चढली, तिसरी दुसरीवर, आणि सगळं मिळून नुसतं गिचमिड झालं. ताईने कपाळावर हात मारला. हृदयाचे ठोके संथ, ते डॉक्टरला नीट दिसावेत म्हणून त्या काचेला आतून असा लेप असतो की उजेड घटकाभर रेंगाळावा. तिने पिना मोजल्या, लांबी मोजली, आणि आतून काय फासलंय तेवढंच बघायचं राहिलं. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं. तिला हसू फुटलं, हसता हसता उचकी लागली, आणि नेमका तेव्हाच बाहेर टेम्पो थांबला.

बारक्या खांद्यावर खोका घेऊन तिरका आत आला. रेघ बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "च्यायला. दाखवतेय की." पण तोही बाबांचाच मुलगा, त्याने लगेच लाट जोडून बघितली. "ताई, गिऱ्हाइकाला काय सांगू मी? मघाची लाट जाईपर्यंत चहा घ्या म्हणू?"

ताईची उचकी थांबली. आपल्या हातानेच आपण म्हातारीला घालवली, याचं तिला फार वाईट वाटलं.

बंद करण्याआधी रेघ आवरून तिचा ठिपका करायचा, ही बाबांची शिस्त. बारक्याच्या बोटांनी ती आपसूक पाळली. मग खटका बंद करायला तो वाकला, त्याचं पोट बटणाला घासलं, आणि ठिपका वर सरकला. सरकला तो मागे एक चमकती शेपटी ठेवून.

दोघंही बघतच राहिले. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बाबा दोघांना याच पेटीपुढे बसवत. वर-खालीचं बटण बारक्याकडे, आडवं ताईकडे. दोघांनी मिळून ठिपक्याने गोल काढायचा. पण जुन्या काचेवर ठिपक्याचा माग राहत नसे, त्यामुळे गोल कुणी बिघडवला ते कधी कळलंच नाही, आणि त्यावरून दोघं आजवर भांडत आले होते.

"तुझ्यामुळेच बिघडायचा," बारक्या म्हणाला.

"तुझ्यामुळे."

बारक्याने बटण धरलं. ताईने दुसरं. ठिपका निघाला, वर गेला, वळला, अडखळला, आणि काचेवर एक बटाटा उमटून झळकत राहिला.

"हे बघ, इथे सरळ गेलीय, इथे तू झोपली होतीस."

"आणि हे टेंगूळ कुणाचं? तुझंच ना?"

भावजय काउंटरवर डोकं टेकून हसत होती. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. बारक्याने बटणावरचा हात न काढता मान वळवली.

"त्याला सांग, न्यायचं काही नाही म्हणावं."

"आणि नवीन कुठे ठेवायचं?" भावजयीने विचारलं.

"माझ्या जेवायच्या स्टुलावर," बारक्या म्हणाला. "मी उभ्याने जेवेन."

बटाटा हळूहळू विझत गेला. तो पुरता दिसेनासा होईपर्यंत दोघंही हलले नाहीत.

"पुन्हा?" ताई म्हणाली, पण बारक्याने बटण आधीच फिरवलं होतं.