सुनेचे पाय

मी राहीबाई, पाचाडची. तोंडानं फटकळ, हे साऱ्या वाडीला ठाऊक हाय. म्हणून दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मीच सांगते: माझ्या सुनेच्या पायाचं वाटोळं मीच केलं.

महाडच्या तळ्यावर ती मोठी सभा झाली, त्याच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट. मुलगा मुरारी मुंबईला गिरणीत. घरात मी, सून आवडी आणि तिची तीन पोरं. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या पिंढरीवर निळ्या शिरा फुगल्या, रताळ्याच्या वेलागत वेड्यावाकड्या. लावणीला दिवसदिवस चिखलात उभी राहिली, तर पाय टम्म. मी म्हटलं, खराब रगत वरनं उतरतंय, वाटेतच अडवायला हवं. काळ्या लोकरीचा दोरा घेतला आणि गुडघ्याखाली करकचून बांधला. आमच्याकडं असंच करतात. आवडी "दुखतंय" म्हणाली, तर मीच ओरडले, "दुखणारच! मोठी आली नाजूक!"

दसऱ्याला घोट्यावर जखम झाली. भरेना, वास यायला लागला. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. तिला बैलगाडीत घातली नि महाडच्या डॉक्टराकडं नेली.

डॉक्टरानं आधी कात्री घेऊन दोरा कापला. "कोणी बांधला हा?"

"मी. खाली उतरणारं रगत अडवायला."

"अहो बाई, या शिरांतून रक्त खाली उतरत नाही, वर चढतं. आत बारीक झडपा असतात. त्या सैल झाल्या की रक्त खाली साचतं आणि शीर फुगते. तुम्ही तर वर जायची वाटच बंद केलीत."

खाचराची मोरी बुजवली तर पाणी तुंबणारच, एवढं मला कळतं. लाजेनं मान वर होईना.

"बोटांपासून वर पट्टी गुंडाळा," डॉक्टर म्हणाले. "रोज दुपारी दोन तास पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं. जखम अशीच चिघळली तर पाय कापावा लागेल."

घरी येऊन घोंगडीची वळकटी करून दिली. पण सून सासूसमोर पाय वर करून पडणार कशी? माझी चाहूल लागली की झटकन उठून पदर सावरायची. पंधरा दिवस गेले, जखम तशीच.

"आवडे, पाय वर कर गो!"

"आत्याबाई, तुमच्यापुढं? नाय जमायचं. पाप लागंल."

"आणि पाय गेला तर पोरांमागं काय मी धावू?"

ती रडायलाच लागली. मी भिंतीला टेकून बसले आणि तिचे दोन्ही पाय ओढून माझ्या मांडीवर घेतले. ती सोडवायला बघते, मी सोडीन तर ना! "मोठ्या माणसाचं ऐकायचं असतं ना? मग ऐक. पड गप."

तेवढ्यात शेजारची साळूबाई विस्तव मागायला दारात. "अगो बाई! सुनेचे पाय मांडीवर?"

"मग? हिला दोरा बांधताना तर फार शहाणी होते मी! विस्तव घे नि चालू लाग."

रोज दुपारी हाच नेम. आधी आवडी लाकडासारखी ताठ पडायची, मग हळूहळू डोळा लागायला लागला. शिमग्यापर्यंत जखम भरली. शिरा तशाच राहिल्या, पण पाय वाचला. मी देवापुढं रडले, कुणाला दिसू न देता.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटपली. मी काही म्हणायच्या आत सूनबाई येऊन आडवी झाली आणि पाय सरळ माझ्या मांडीवर.

"सासू हाय मी, उशी नाय!"

ती हसली. पाय काही काढले नाय.